अँटेनाविना थेट प्रक्षेपण : रेमंड विल्यम्स यांच्या ‘प्रवाह’ संकल्पनेची फेरतपासणी

प्रस्तावना

आपल्याकडील माध्यमसमीक्षेने दूरचित्रवाणीचा विचार प्रामुख्याने मालिकांच्या आशयापुरता केला आहे. कार्यक्रम प्रेक्षकाच्या घरात कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा प्रश्न तंत्रज्ञांचा मानून समीक्षकांनी तो बाजूला ठेवला. मात्र पोहोचण्याचा मार्ग बदलला की संहितेचे स्वरूप, तिचा प्रेक्षक आणि त्या प्रेक्षकाचे हक्क हे तिन्ही बदलतात, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ती तपासण्यासाठी ब्रिटनमधील ‘फ्रीली’ ही सेवा येथे विचारात घेतली आहे. बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल ४ आणि चॅनेल ५ यांच्या मालकीच्या ‘एव्हरीवन टीव्ही’ या संस्थेने ३० एप्रिल २०२४ रोजी ती सुरू केली. छतावर अँटेना नसला तरी ब्रॉडबँड जोडणीवरून या वाहिन्या त्याच क्रमाने, त्याच वेळी आणि वेगळी वर्गणी न भरता पाहता याव्यात, हा तिचा उद्देश होय. आरंभी ती केवळ नव्या संचांतच उपलब्ध होती. जुन्या संचाच्या मालकाला त्यामुळे ‘मोफत’ सेवेसाठी आधी नवा संच घेणे भाग होते.

‘मोफत’ हा शब्द ब्रिटनच्या संदर्भात जपूनच वापरावा लागतो. थेट प्रक्षेपण कोणत्याही साधनावर पाहावयाचे असले तरी तेथे परवाना शुल्क भरावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झाले. अँटेनाच्या काळात त्यापलीकडे फारसा खर्च नव्हता. अँटेना एकदा बसवला की काम संपत असे. ब्रॉडबँडचे देयक मात्र दर महिन्याला येते आणि ते प्रक्षेपणसंस्थेकडे जात नाही, जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे जाते.

प्रवाहाची संकल्पना

रेमंड विल्यम्स यांचा ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ हा ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अटलांटिक महासागराचा जलप्रवास करून मायामीस उतरल्यानंतर, प्रवासाचा शीण अंगात असताना, ते तेथे दूरचित्रवाणीवर एक चित्रपट पाहत होते. चित्रपट, मधल्या जाहिराती आणि पुढे दाखवावयाच्या अन्य चित्रपटांची दृश्ये ही सारी परस्परांत मिसळून गेल्याचे त्यांना जाणवले. यातून त्यांनी ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. सुटा कार्यक्रम हे दूरचित्रवाणीचे एकक नाही. कार्यक्रम, जाहिरात, घोषणा यांचा नियोजित अखंड क्रम हाच या माध्यमाचा अनुभव होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ब्रिटनमधील तीन आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील दोन वाहिन्यांचे तपशीलवार कोष्टक मांडून त्यांनी ते सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. (आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत विल्यम्स बहुधा संस्कृतिसमीक्षेपुरतेच शिकवले जातात आणि ही कोष्टके वगळली जातात. ग्रंथाचा खरा श्रम मात्र त्यांतच आहे.)

फ्रीलीमध्ये हा प्रवाह वरकरणी तसाच राहतो. वाहिन्यांचे क्रमांक आणि कार्यक्रमांची सूची कायम असते. तथापि सुरू असलेला कार्यक्रम प्रेक्षकाला थांबवता येतो, प्रारंभापासून पाहता येतो आणि सूचीत मागे जाऊन झालेला कार्यक्रमही उघडता येतो. यावरून ‘प्रवाहाचा अंत झाला’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. प्रस्तुत लेखकास तो घाईचा वाटतो. मागे जाण्याची सोय मिळाली म्हणून नियोजन संपत नाही, ते दुसऱ्याच्या हाती जाते, एवढेच. पूर्वी वाहिनीचा कार्यक्रम-नियोजक रात्री नऊच्या बातम्यांनंतर काय लागेल ते ठरवीत असे. आता संच सुरू करताच पडद्यावर कोणती चौकट प्रथम दिसावी, हे संचाचा निर्माता वा सेवेचा चालक ठरवतो. नियोजकाच्या निवडीवर वृत्तपत्रांतून टीका तरी होत असे, कारण ती सर्वांना सारखीच दिसे. चौकटींची मांडणी घरोघरी वेगळी असू शकते. जी संहिता दोन समीक्षकांसमोर सारखी येत नाही, तिची चर्चा त्यांनी कशी करावी, ही येथील मूलभूत अडचण आहे.

‘थेट’ या शब्दाचा अर्थ

प्रक्षेपकाकडून निघालेली रेडिओलहर तिच्या टप्प्यातील सर्व अँटेनांना एकाच वेळी मिळते. एक अँटेना वाढला म्हणून प्रक्षेपकाचा खर्च वाढत नाही आणि तो अँटेना कोणाच्या छतावर आहे हे प्रक्षेपकाला कळतही नाही. ब्रॉडबँडवर याच्या उलट घडते. चित्र काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत विभागले जाते, प्रत्येक घरातील संच प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मागतो आणि खंड पडू नये म्हणून काही तुकडे आधीच साठवून ठेवतो. या साठवणुकीमुळे चित्र अँटेनापेक्षा कित्येक सेकंद उशिरा दिसते. फुटबॉलच्या सामन्यात शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यभागीच असतो, हा अनुभव त्यातूनच येतो.

या विलंबाचा विनोद करून विषय सोडून देणे योग्य नव्हे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ च्या ग्रंथात राष्ट्र ही कल्पित समूहभावना मानली. आपण वृत्तपत्र वाचतो त्याच सकाळी असंख्य अनोळखी माणसे तेच वाचत आहेत, ही जाणीव त्यांनी तिच्या मुळाशी दाखवली. डॅनियल डायन व एलिहू कॅट्झ यांनी १९९२ मध्ये राजविवाह, अंत्यविधी, चांद्रयात्रा अशा थेट प्रक्षेपणांना सामूहिक विधीचे स्वरूप असल्याचे मांडले. या दोन्ही विवेचनांचा आधार समकालिकता हा आहे. बीबीसीने ५ फेब्रुवारी १९२४ पासून ग्रीनिचच्या वेळेचे टोले रेडिओवर देण्यास आरंभ केला, तेव्हा प्रक्षेपण म्हणजे देशाचे सामायिक घड्याळ असा अर्थ रूढ झाला. आंतरजालावर तेच टोले उशिरा पोहोचतात आणि प्रत्येक घरी उशीर वेगळा असतो. अर्थात अँडरसन यांच्या वृत्तपत्राला सेकंदाचा हिशेब नव्हता, त्यामुळे विलंबाने समूहभावना मोडते असे म्हणता येणार नाही. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागल्यावर महाराष्ट्रातील गावांचे रस्ते ओस पडत. तेथेही सेकंदाला महत्त्व नव्हते, तर दुसरी वेळ उपलब्ध नव्हती याला होते. म्हणून विलंबापेक्षा ‘प्रारंभापासून पाहा’ ही कळच थेटपणाला अधिक बाधक ठरते, असे वाटते.

लहर कोणाची, तार कोणाची?

अँटेना आणि आंतरजाल यांतील फरक कायद्याच्या भाषेत किती अडचणीचा ठरतो, हे ‘एरिओ’ प्रकरणाने दाखवून दिले. भोपाळमध्ये जन्मलेले चेत कनोजिया यांची ही कंपनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाली. तिने नाण्याएवढे हजारो अँटेना एका इमारतीत बसवले, प्रत्येक ग्राहकाला त्यांपैकी एक नेमून दिला आणि त्यावर पकडलेली मोफत वाहिनी आंतरजालावरून ग्राहकापर्यंत नेली. ग्राहकाचाच अँटेना, केवळ तार लांब, असा तिचा युक्तिवाद होता. २५ जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला आणि हे जाहीर सादरीकरण असल्याने त्यास परवानगी आवश्यक आहे असे ठरवले. युरोपीय न्यायालयाने ७ मार्च २०१३ रोजी ‘टीव्हीकॅचअप’ या ब्रिटिश सेवेबाबत अशाच स्वरूपाचा निर्णय दिला होता. म्हणजे छतावर जे विनापरवानगी घेता येते, तेच कोणी तारेवरून पोहोचवू लागला की मालकीचा प्रश्न उभा राहतो. फ्रीलीपुढे ही अडचण आली नाही, कारण तेथे वाहिन्यांचे मालकच सेवेचे मालक आहेत.

भारतीय वाचकाला येथे एका निवाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठाचे एक सदस्य होते. त्या निवाड्याचे तर्कशास्त्र असे की, लहरी मर्यादित आहेत आणि सर्वांच्या आहेत, म्हणून त्यांचा वापर लोकहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे. परंतु कार्यक्रम लहर सोडून खाजगी कंपनीच्या तंतूतून जाऊ लागला, तर या युक्तिवादाचा पहिला पायाच निसटतो. तंतू सार्वजनिक नाही आणि त्या अर्थाने मर्यादितही नाही. मग प्रेक्षकाने हक्क कशाच्या आधारे मागावा?

ब्रिटनने याला अंशतः उत्तर दिले आहे. २४ मे २०२४ रोजी संमती मिळालेल्या माध्यम अधिनियमाने आंतरजालाशी जोडलेल्या संचांवर लोकसेवा प्रक्षेपणसंस्थांच्या सेवांना ठळक स्थान देण्याचे बंधन घातले. दायित्व लहरीवरून पडद्याच्या पहिल्या पानावर सरकले, असे म्हणता येईल. हे उत्तर चातुर्याचे आहे, पण अपुरेही आहे, कारण ज्याच्या घरी ब्रॉडबँडच नाही त्याला पहिले पानही दिसत नाही. नियामक ‘ऑफकॉम’ने त्याच महिन्यातील अहवालात तीन पर्याय मांडले होते : भूस्थित प्रक्षेपणात नवी गुंतवणूक करणे, ते मोजक्या वाहिन्यांपुरते ठेवणे किंवा नियोजनपूर्वक बंद करणे. दुसरा पर्याय वरवर तडजोडीचा दिसतो. प्रत्यक्षात त्यामुळे अँटेना हा वृद्ध, एकाकी व गरीब प्रेक्षकांचा म्हणून ओळखला जाईल आणि जी सेवा केवळ दुर्बलांची असते तिच्यावरील खर्च पुढे कोणालाच आवश्यक वाटत नाही. तांत्रिक नियतिवाद विल्यम्स यांनी कटाक्षाने नाकारला होता. तोच न्याय येथे लावला तर ब्रॉडबँड अँटेनाला संपवीत नाही. संपवायचा असेल तर तो कोणी तरी ठरवून संपवतो आणि त्या निर्णयाला नाव व तारीख असते.

आपल्याकडे वाट निराळी होती. अँटेनानंतर केबल आली, मग डिश आली, आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग भूस्थित प्रक्षेपक फारशी चर्चा न होता बंद झाले. प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही आंतरजालावरील सेवा २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू केली. तिच्या स्वागतपर लेखनात कार्यक्रमांच्या संख्येचीच चर्चा अधिक झाली. महत्त्वाच्या क्रीडासामन्यांचे चित्र प्रसार भारतीस देण्याचे बंधन घालणाऱ्या २००७ च्या कायद्यात मात्र दूरदर्शनचे भूस्थित आणि थेट-घरपोच डिश जाळे एवढेच शब्द योजले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या शब्दांचा अर्थ काटेकोर लावला आणि ते चित्र खाजगी केबलचालकांना मिळणार नाही असे ठरवले. याच रीतीने वाचले तर ब्रॉडबँडवरील प्रेक्षक त्या कायद्याच्या शब्दांत कोठेच बसत नाही.