वस्तुसंग्रहालय आणि वगळलेले हात

वस्तुसंग्रहालय ही निरुपद्रवी संस्था आहे, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा समज आहे. जुने जपायचे, त्यावर चिठ्ठी लावायची, शाळेच्या सहलीला दाखवायचे. यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे हा वर्ग विचारतो. परंतु काय जपायचे हे ठरवताना काय जपायचे नाही हेही ठरत असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा अनुभव आपण पुरेसा घेतला आहे. म्हणून एखाद्या कादंबरीची करावी तशीच संग्रहालयातील दालनाचीही समीक्षा झाली पाहिजे.

उदाहरण लंडनचे घेते. तेथील सायन्स म्युझियमच्या तळघरात १९९५ साली 'द सीक्रेट लाइफ ऑफ द होम' हे दालन सुरू झाले. २०२४ च्या जूनमध्ये ते कायमचे बंद झाले. टिम हंकिन या अभियंता-व्यंगचित्रकाराने ते रचले होते. १९८८ पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या त्यांच्या 'द सीक्रेट लाइफ ऑफ मशीन्स' या मालिकेची दृष्टीच या दालनात उतरली होती. ही मालिका आणि दालनाची छायाचित्रे व चित्रफिती यांच्या आधारे मी हे लिहीत आहे.

या दालनाचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या इमारतीत वाफेची अजस्र इंजिने मानाने उभी आहेत, तिथे हंकिन यांनी वॉशिंग मशीन, इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर आणि संडासाची फ्लशची टाकी नेऊन ठेवली. इतिहास केवळ रेल्वे आणि तोफांनी घडत नाही, तो मोरीत आणि चुलीपाशीही घडतो, हे त्यांनी दाखवले. दलित साहित्याने भाकरी, उकिरडा आणि गळके छप्पर वाङ्मयात आणले तेव्हा नाके मुरडणाऱ्यांना हे दालनही हलक्या दर्जाचे वाटले असते. मला ते तसे वाटत नाही.

माझा आक्षेप यापुढचा आहे. यंत्र आतून कसे चालते, हा या दालनाचा मुख्य प्रश्न होता. ते आले तेव्हा कोणाचे काम त्याने उचलले, आणि आल्यावर ते कोणाच्या हाताने चालले, हा प्रश्न अशा मांडणीत मध्यभागी येऊच शकत नाही. व्हॅक्यूम क्लीनरचेच पाहा. ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ साली केलेले यंत्र एवढे मोठे होते की ते घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून श्रीमंतांच्या घरात सोडीत. संशोधकाचे नाव आणि साल नोंदले जाते. पण त्याआधी ते गालिचे रोज झाडणारी मोलकरीण? १९११ साली ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. स्त्रियांचा तोच सर्वांत मोठा व्यवसाय होता. पहाटे आपोआप चहा करणारे 'टीजमेड' पाहून प्रेक्षक हसतो. पण मालकाच्या आधी उठून चहा आणणारी मुलगी त्या हसण्यात कुठेच नसते. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने १९८३ सालच्या 'मोर वर्क फॉर मदर' या ग्रंथात दाखवून दिले की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे कष्ट अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. नोकरांची आणि घरातील इतरांची कामेही तिच्या एकटीवर आली. म्हणजे यंत्राचा इतिहास हा श्रमाच्या फेरवाटपाचा इतिहास आहे.

हे मला पुस्तकाआधी घरातून कळले. मी माझ्या घराण्यातील पहिली पदवीधर. आई चार घरची धुणीभांडी करायची. त्यांपैकी एका घरी वॉशिंग मशीन आले तेव्हा बाईंनी आईचा पगार कमी केला. पण कॉलर आणि पायपुसणी हाताने घासणे, कपडे मशीनमध्ये टाकणे, पिळून निघालेले वाळत घालणे ही कामे आईकडेच राहिली. ते मशीन उद्या एखाद्या संग्रहालयात गेले, तर चिठ्ठीवर कंपनीचे नाव येईल, वर्ष येईल. कापलेला पगार येणार नाही.

फ्लशच्या टाकीपाशी तर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दालनात साखळी ओढली की पाणी जाते आणि गोष्ट संपते. आपल्या देशात गोष्ट तिथे सुरू होते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरीही गटारात उतरून माणसे मरत राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली. ही माणसे कोणत्या जातींची असतात, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. यंत्र उपलब्ध असूनही माणूस उतरवला जातो, कारण इथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त ठेवला गेला आहे.

यावरून कोणी यंत्रविरोधाचा निष्कर्ष काढू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. पशुवत जगण्यातून सुटायचे आणि संस्कृतीसाठी फुरसत मिळवायची तर यंत्र अपरिहार्य आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याआधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, २५ ऑक्टोबर १९४३ च्या वीजविषयक धोरण समितीपुढील भाषणात त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याच्या चक्रातून जनतेला सोडवण्याशी जोडला होता. यंत्राने कोणाला किती फुरसत दिली, हाच बाबासाहेबांचा निकष आहे. संग्रहालयांनाही तोच लावला पाहिजे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जुना रेडिओ, मिक्सर, वॉशिंग मशीन जरूर जपा. पण चिठ्ठीवर आणखी तीन ओळी लिहा: याआधी हे काम कोण करीत असे, त्याचे त्याला काय मिळे, आणि हे आल्यावर त्याचे काय झाले. या तीन ओळी लिहायच्या म्हटल्या तर क्युरेटरला संशोधकांच्या कागदपत्रांतून उठून वस्तीत यावे लागेल, आणि माझ्या आईसारखीला विचारावे लागेल. ती सांगेल. तिला आजवर कोणी विचारलेले नाही एवढेच.