पाचाचे आठ केले तेव्हा

गेल्या वर्षी मला पहिल्यांदा टीम मिळाली. पाच जण, चार महिन्यांची मुदत. तिसऱ्या महिन्यात काम मागे पडलंय हे दिसलं, तेव्हा मी वरिष्ठांकडे आणखी तीन जण मागितले. मिळालेही. पुढचे तीन आठवडे जुने पाच जण नव्या तिघांना कोड समजावत बसले आणि काम आणखीच मागे गेलं.

फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मन्थ' मी त्यानंतर वाचलं. १९७५चं पुस्तक. आयबीएमच्या ओएस/३६०चं काम ब्रुक्स यांनी सांभाळलं होतं; तेही रखडलं होतं. त्यांचा गाजलेला नियम म्हणजे, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीरच वाढतो. नव्यांना शिकवण्यात वेळ जातो, बोलणंही वाढतं. पाच जणांत जोड्या १०, आठ जणांत २८. माझी चूक माझ्या जन्माआधीच कुणीतरी करून, लिहून ठेवली होती!

पण सगळंच पटलं नाही. ऑपरेशन थिएटरसारखी टीम असावी, एक मुख्य प्रोग्रॅमर आणि बाकीचे मदतीला, असं एक प्रकरण आहे. त्या दहा जणांत दोन सेक्रेटरी आहेत, ते जाऊ दे. पण मुख्य माणसाचा जोडीदार सोडला, तर बाकीच्यांनी डिझाइन शिकायचं कधी?

दुसरं, मॅनेजरने आपल्या अंदाजावर ठाम राहावं असं ब्रुक्स सांगतात. पटतं. पण माझ्यासारखा नवखा लीड मीटिंगमध्ये पोचतो तेव्हा क्लायंटला तारीख देऊन झालेली असते. तिथे ठाम कसं राहायचं, हे मोठ्या पदावरून लिहिलेल्या या पुस्तकात मला सापडलं नाही.

तरी ते मला जवळचं वाटतं, ते १९९५च्या आवृत्तीमुळे. मॉड्यूलच्या आतले तपशील इतरांपासून लपवावेत, या मुद्द्यावर डेव्हिड पार्नस बरोबर होते आणि आपण चुकलो, असं ब्रुक्स तिथे सरळ मान्य करतात.

मी काय केलं होतं? उशिराचं कारण विचारल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "नवीन लोकांना वेळ लागला." त्या नव्यांतली एक जण मान खाली घालून बसली होती. पुस्तक संपवल्यावर मी तिला सांगितलं की निर्णय माझा चुकला होता. ती "ठीक आहे" म्हणाली. वरिष्ठांना मात्र अजून सांगितलेलं नाही.