प्रतिक्षिप्त क्रियेच्या आकृतीत काय राहून गेलं?

आज एका आकृतीशी भांडायचं आहे. तुम्हीही ती शाळेत काढली असेल. गरम भांडं, बोट, मेरुरज्जूचा छेद, जाणारा बाण, येणारा बाण, झटकन मागे आलेला हात. ऐच्छिक हालचालीची आकृती वेगळी, तिच्यात मेंदू. आणि पाठ केलेलं वाक्य: प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा सहभाग नसतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मी हेच फळ्यावर काढत होते. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मण्यार चावलेला माणूस हात हलवत नाही, ते समजलं. पण त्याची पापणीबी लवत नाही. त्यात मेंदूचं काम नाही म्हणता, मग ती कशानं बंद पडते?"

खडू हातातच राहिला.

एक तर ते वाक्यच कच्चं आहे. डोळ्याला काही लागलं की पापणी मिटते, तो निरोप मस्तिष्कस्तंभातून जातो, म्हणजे मेंदूच्याच एका भागातून. गुडघ्याचा झटका मात्र खरोखर मेरुरज्जूतूनच परततो, २०-३० मिलिसेकंदांत. (दिवा लागताच बटण दाबायला आपल्याला साधारण २०० लागतात.) पण तिथेही मेंदू गप्प नसतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा आणि मित्राला गुडघ्याखाली ठोका मारायला सांगा. पाय बहुधा जास्त उडेल. उकळत्या भाताचं पातेलं हातात असताना चटका बसला तरी आई ते खाली ठेवेपर्यंत सोडत नाही, तेही मेंदूचंच काम.

पण माझी मोठी तक्रार दोन वेगळ्या आकृत्यांबद्दल आहे. हुकूम मेंदूतून येवो की मेरुरज्जूतून, स्नायूपर्यंत जाणारी चेतापेशी तीच असते. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या पुस्तकात हिला शेवटची सामाईक वाट म्हटलं होतं. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा जुना पूल पाण्याखाली गेला, की एस.टी. आणि मोटरसायकल दोन्ही अलीकडेच थांबतात. कोण कुठून आलं याला अर्थ उरत नाही. मण्यारीचं विष नेमकं या पुलावर, म्हणजे चेतातंतूच्या स्नायूजवळच्या टोकावर घाव घालतं. असिटिलकोलीन बाहेर पडत नाही, स्नायूला निरोपच मिळत नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. ऐच्छिकही बंद, प्रतिक्षिप्तही बंद.

इथे ती आकृती महागात पडू शकते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश बरेचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी माणूस निपचित. पापणी लवत नाही, बाहुली उजेडाला हलत नाही, म्हणजे मेंदू गेला, असं समजलं जाऊ शकतं. प्रत्यक्षात मेंदू शाबूत असू शकतो. प्रतिविष द्यावंच लागतं, पण तुटलेली टोकं ते जोडून देत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत, काही दिवस ते काही आठवडे, श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. तेवढं जमलं तर माणूस उठून घरी जातो.

मी फळा पुसला. दोन वाटा काढल्या, खाली एकाच रेषेत मिळवल्या आणि त्या रेषेवर फुली मारली.

ती मुलगी बसली नव्हती. "म्हणजे त्याला आपलं बोलणं ऐकू येत असंल?"

"हो, येत असू शकतं."