नियोजन केलं की शिक्षक मुलांचं ऐकत नाही? एका जुन्या प्रयोगाची चिकित्सा

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांच्या संशोधन आराखड्यांत एक विषय हमखास दिसतो : 'पाठ नियोजनाची परिणामकारकता'. विषय सोपा वाटतो. बी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ टाचणं लिहिलेली असतात आणि नियोजन केलं की पाठ चांगला होतो, हे आपण धरूनच चालतो. म्हणून आज नेमका उलट निष्कर्ष काढणारा एक अभ्यास वाचूया. हा अभ्यास वाचायलाच हवा असं मला वाटतं, पण त्याचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

अभ्यास काय होता?

अमेरिकेतील संशोधक जॉन झाहोरिक यांनी १९७० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. चौथीला शिकवणारे १२ शिक्षक घेतले. त्यातल्या सहा जणांना दोन आठवडे आधी एक अर्धवट तयार पाठयोजना दिली. त्यात वर्तननिष्ठ उद्दिष्टं होती आणि आशयाचा तपशीलवार आराखडा होता. उरलेल्या सहा जणांना फक्त एवढंच सांगितलं, की संशोधनाच्या कामासाठी एक तास राखून ठेवा. काय शिकवायचं, ते त्यांना अगदी ऐनवेळी कळलं. विषय दोन्ही गटांना एकच होता : क्रेडिट कार्ड.

मग या १२ पाठांच्या नोंदी तपासल्या. पाहायचं होतं ते असं : शिक्षकाच्या बोलण्यातून मुलांच्या कल्पनांना वाव मिळतो का, त्यांना प्रोत्साहन मिळतं का, त्या पुढे नेल्या जातात का? आधी योजना मिळालेल्या शिक्षकांनी मुलांच्या कल्पनांचा खराखुरा वापर कमी केला, असं झाहोरिक यांना दिसलं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की उद्दिष्टं, कृती, मूल्यमापन या ठराविक साच्यातलं नियोजन शिक्षकाला मुलांबद्दल असंवेदनशील बनवतं.

यातलं मोल कशात आहे?

प्रश्नात. राल्फ टायलर यांच्या १९४९ च्या पुस्तकापासून 'आधी उद्दिष्टं ठरवा, मग अनुभव निवडा, त्यांची रचना करा, शेवटी मूल्यमापन करा' हा क्रम जवळजवळ नियमच झाला होता. त्या नियमाची काही किंमत मोजावी लागते का, हे झाहोरिक यांनी वर्गात जाऊन तपासलं.

आपल्यासाठी हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या पाठ टाचणात 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील, ते आपण आदल्या रात्रीच लिहून टाकतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर उत्तरच असतं. 'एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?' या प्रश्नापुढे आपण 'एक तृतीयांश' असं लिहितो. वर्गात एखादी मुलगी म्हणते, "एक चतुर्थांश, कारण चार मोठे." अशा वेळी सराव पाठ घेणारा काय करतो? "दुसरं कोण सांगेल?" असं म्हणत बरोबर उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकतो. टाचण पूर्ण होतं. त्या मुलीने तसा विचार का केला, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मग गडबड कुठे आहे?

अशा अभ्यासावर टीका करायला सांगितली की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "नमुना लहान आहे." खरंच आहे, १२ शिक्षक फार कमी. पण इथली मुख्य अडचण ती नाही. १२ च्या जागी १२०० शिक्षक घेतले असते, तरी ती तशीच राहिली असती.

अडचण स्वाश्रयी चलात आहे. झाहोरिक म्हणतात, आपण 'नियोजन' तपासलं. प्रत्यक्षात पहिल्या गटाला दुसऱ्याने केलेली योजना हातात मिळाली होती. ती मिळाल्यावर दोन आठवड्यांत त्यांनी स्वतः किती नियोजन केलं, हे पाहिलंच गेलं नाही. तयार योजना मिळणं म्हणजे नियोजन करणं नव्हे.

दुसरा गटही निव्वळ 'नियोजनाविना' नव्हता. ऐनवेळी विषय कळलेल्या शिक्षकाकडे आशयच तयार नसतो. मग तो मुलांनाच विचारणार : तुम्ही क्रेडिट कार्ड पाहिलंय का, कुठे पाहिलंय? म्हणजे ते ऐकणं मोकळेपणातून आलं की नाइलाजातून, हे या रचनेतून कळूच शकत नाही. क्लार्क आणि पीटरसन यांनी १९८६ च्या आढाव्यात हा पर्यायी खुलासा मांडला आहे. मला तो निर्णायक वाटतो.

तिसरी गोष्ट, इथली फूटपट्टी शिक्षकाचं बोलणं ही आहे. मुलांचं ऐकणारा शिक्षक चांगला, हे मान्य. पण त्या तासात मुलांना काय समजलं, हा वेगळा प्रश्न आहे. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

झाहोरिक यांचीच पुढची पायरी

१९७५ मध्ये झाहोरिक यांनी १९४ शिक्षकांना विचारलं, की शिकवण्याआधी तुम्ही कोणते निर्णय घेता आणि कोणत्या क्रमाने? सर्वाधिक शिक्षकांनी, म्हणजे ८१ टक्के जणांनी, विद्यार्थ्यांच्या कृतींचा उल्लेख केला. पहिला निर्णय ५१ टक्के जणांचा आशयाबद्दल होता, तर उद्दिष्टांबद्दल फक्त २८ टक्के जणांचा. ही माहिती शिक्षकांनी स्वतःच दिलेली आहे, तेवढी मर्यादा धरावी लागेल. तरी एक गोष्ट उघड होते : पाठ्यपुस्तकातलं नियोजन आणि शिक्षकाचं नियोजन यांचा क्रम बऱ्याचदा वेगळा असतो. आधी 'नियोजन म्हणजे नक्की काय' हे समजून घ्यायचं आणि मग त्याचा परिणाम मोजायचा, हा क्रम बरा.

नियोजन आणि ऐकणं एकमेकांच्या विरोधात असायलाच हवं, असंही नाही. जपानमधल्या 'जुग्यो केंक्यू' पद्धतीत शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात आणि मुलं कोणकोणत्या प्रकारे विचार करतील, कुठे चुकतील, हे आधीच लिहून ठेवतात. तिथे 'चार मोठे' हे उत्तर योजनेचाच भाग असतं.

तुमच्या आराखड्यासाठी

'नियोजनाची परिणामकारकता' असं लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवा. नियोजन कोणी केलं : शिक्षकाने की तुम्ही? ते खरंच झालं, हे कसं तपासणार? आणि परिणाम कशावर : शिक्षकाच्या वागण्यावर की मुलांच्या समजण्यावर? मी हा प्रयोग नव्याने आखला, तर सगळ्या शिक्षकांना विषय एकाच दिवशी सांगेन. एका गटाला तयार योजना देईन, दुसऱ्याला स्वतः योजना करायला सांगेन आणि तिसऱ्याला मुलांच्या संभाव्य चुकांसह योजना करायला सांगेन. तिन्ही गटांच्या टाचणवह्या गोळा करेन.

तोपर्यंत झाहोरिक यांचा निष्कर्ष 'नियोजन वाईट' असा उद्धृत करू नका. त्या अभ्यासातून फार तर एवढंच म्हणता येतं, की दुसऱ्याची योजना हातात घेऊन वर्गात गेलेल्या शिक्षकांनी मुलांच्या कल्पनांचा वापर कमी केला. आपल्याकडे छापील टाचणवह्यांवरून उतरवून काढलेली टाचणं पाहिली, तर एवढी शंकासुद्धा एका प्रबंधाला पुरेल.