बिनकामाची सेफ्टीपिन

चित्रकलेबद्दल आम्हा मध्यमवर्गीयांचे मत ठरलेले असते. चित्रातला आंबा पाहून तोंडाला पाणी सुटले, की चित्रकार चांगला. आंब्याऐवजी नुसताच पिवळा डाग दिसला, की चित्रकार मोठा, पण आपल्यासाठी नाही! प्रभाकर बरव्यांची पंचाईत अशी, की ते या दोन्ही खात्यांत बसत नाहीत. त्यांच्या चित्रातले घड्याळ हे घड्याळच असते. पान, फळ, शंख, सेफ्टीपिन, सगळी ओळखीची मंडळी. फक्त ती एकत्र का जमली आहेत, तेवढे कळत नाही. पुस्तकातले असे एक चित्र पाहून आमचे कॅशियरसाहेब म्हणाले, "घरात भांडण झालं काय बाप्पा? समदं सामान अल्लग अल्लग फेकून देलं!"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. भांडण झालेच आहे. पण ते वस्तू आणि तिचे काम यांच्यातले. आपण घड्याळ कधी पाहत नाही, वेळ पाहतो. सेफ्टीपिन तर ऐन लग्नाला निघताना बटण तुटले, तरच आठवते. बरवे वस्तू ठेवतात आणि तिची नोकरी काढून घेतात. ना टेबल, ना भिंत, ना खुंटी. सपाट मोकळ्या जागेत ती एकटी. कधी तिची नुसती बाह्यरेषा उरते, कधी सावली तिला न विचारताच वेगळी होते. आमच्या कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नोंद आहे, रक्कम आहे, पण 'तपशील' हा रकाना कोरा! त्या कोऱ्या रकान्यापाशी आपण अडतो आणि जन्मात पहिल्यांदा सेफ्टीपिनीचा आकार पाहतो. बरव्यांचा अमूर्तपणा तो हाच.

1924 साली आमच्या शेजारच्या नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी वस्तूच चित्राबाहेर काढल्या. त्यांचे एक चित्र 2021 साली जवळपास 40 कोटींना गेले, तेव्हा आमच्या शाखेत अमूर्त कलेविषयी चांगला अर्धा तास आदर पसरला होता. तरी मला बरव्यांची वाट अधिक अवघड वाटते. रिकाम्या घरात शांतता असणारच हो. सामानासकट शांतता आणून दाखवा!

आणि हा माणूस हवेत राहणारा नव्हता. अलिबागजवळच्या नागावात 1936 साली जन्म, जे. जे.त शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात वीसेक वर्षे नोकरी. रंगही पुष्कळदा कोणते, तर आपण लोखंडी कपाटाला देतो ते चकचकीत एनॅमल!

ज्यांना ही सारी मुंबईची थेरं वाटतात, त्यांनी सेवाग्रामच्या बापूकुटीत एकदा नीट उभे राहावे. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेही 1936 सालीच. मातीच्या खोलीत मोजक्या वस्तू आणि भरपूर मोकळी जागा. गप्पा मारत आलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो. फरक इतकाच, की तिथल्या वस्तूंना मोठेपण त्या माणसामुळे आले. बरव्यांना ते निव्वळ मांडणीतून मिळवायचे होते.

ते दरवेळी मिळते असे मात्र नाही. काही चित्रांत घड्याळ म्हणजे काळ, पान म्हणजे निसर्ग, असा अर्थ चटकन लावता येतो. तसे झाले, की बिचाऱ्या वस्तूला पुन्हा नोकरी लागते, प्रतीकाची! समीक्षक तर तिला लगेच बढती देतात. त्यापेक्षा बरव्यांनी स्वतःच मराठीत लिहिलेला 'कोरा कॅनव्हास' (1990) वाचावा. चित्र घडते कसे, याचा विचार करणारा माणूस त्यात भेटतो.

बरवे 1995 साली गेले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनात अमोल पालेकरांचे भाषण मध्येच अडवले गेले, ही बातमी वर्ध्यापर्यंत पोचली. भिंतीवर काय टांगले होते, ते मात्र बातमीत मावले नाही.

खरे तर ज्याच्या घरात घड्याळ आणि सेफ्टीपिन आहे, तो या चित्रांचा हक्काचा प्रेक्षक. अट एकच, 'याचा उपयोग काय?' हे घटकाभर विचारायचे नाही. आम्हा कारकुनांना हे जमायलाच हवे. काउंटरमागून उठल्यावर आमच्याकडेही कुणीतरी तसेच, काही काम न सांगता, पाहिले तर बरे वाटेल!