बजबजच्या धक्क्यावरून संमतिवयाचा वाद

1891 चा संमतिवयाचा वाद आपण शाळेपासून एकाच चौकटीत वाचत आलो आहोत. आगरकर उदारमतवादी, टिळक सनातनी. ‘सुधारक’ म्हणतो सरकारने कायदा करावा, ‘केसरी’ म्हणतो सरकारने आमच्या घरात शिरू नये. मीही तो तसाच वाचला होता. कोलकात्याजवळ बजबजला, कोमागाता मारूच्या स्मारकापाशी उभा राहिलो, तेव्हा ही चौकट अपुरी वाटू लागली.

गुरदित सिंग कंत्राटदार होते. त्यांनी जपानी जहाज भाड्याने घेतले, तिकिटे विकली आणि 376 प्रवासी घेऊन मे 1914 मध्ये व्हँकुव्हर गाठले. व्यवहार बाजाराच्या रीतीनेच झाला होता. आडवा आला तो 1908 चा नियम: मायदेशातून प्रवास न मोडता आलेल्यालाच प्रवेश. भारतातून तसे थेट जहाजच मिळत नव्हते. त्यामुळे नियमात भारताचे नाव घालण्याची गरज पडली नाही. तो नियम केला लॉरिए यांच्या लिबरल सरकारने, आणि कसोशीने राबवला बोर्डन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने. दोन महिने बंदरात अडकवून जहाज परत धाडले गेले. 29 सप्टेंबरला बजबजला उतरलेल्या प्रवाशांना पंजाबच्या खास गाडीत बसण्याचा हुकूम झाला. त्यांना कोलकात्याला जायचे होते. झटापट झाली, गोळीबार झाला, सुमारे वीस प्रवासी मेले. तेव्हा लंडनमध्येही सत्तेवर लिबरलच होते. याच हुगळीतून ताग मात्र जगभर बिनबोभाट जात होता.

इथे टिळकांचा आक्षेप धारदार होतो. परक्या, आपल्याला उत्तर न देणाऱ्या सरकारच्या हाती आणखी एक कायदा का द्यायचा? बजबजला प्रवाशांवर चालवलेला हुकूमही रीतसर वटहुकमातूनच आलेला होता.

पण संमतिवयाच्या वादाची ठिणगीही इथून जवळच, कोलकात्यात पडली होती. फुलमणी ही बालवधू नवऱ्याच्या बळजबरीने मेली. 1890 च्या खटल्यात त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही, कारण तिने कायद्यातली दहा वर्षांची मर्यादा ओलांडली होती. नव्या कायद्याने ती मर्यादा बारा केली. टिळकांची बाजू वाचताना मला खटकते ते हे: परक्या सत्तेपासून ते घर राखतात, पण त्या घरात फुलमणीने दाद कोणाकडे मागायची, हे सांगत नाहीत. आगरकर तिथूनच सुरुवात करतात. स्पेन्सर वाचलेल्या माणसाने कायद्याला पाठिंबा द्यावा, यात विसंगती दाखवता येईल. मला मात्र त्यात त्यांचे मोठेपण दिसते. ग्रंथातल्या सिद्धांतासाठी त्यांनी मुलीकडे पाठ फिरवली नाही.

सरकार लहान असावे की मोठे, हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. एकाच साम्राज्याने घराचे दार उघडायला हवे होते आणि बंदराचे दार बंद करायला नको होते. दोन्हीकडे विचारायचे ते एवढेच, की आत किंवा बाहेर अडकलेल्याचे ऐकायला कोणी बांधील आहे का. टिळकांनी हे देशासाठी विचारले, आगरकरांनी मुलीसाठी. म्हणून ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ शेजारी ठेवून वाचावेत. एकाने सोडलेली जागा दुसऱ्यात सापडते.