‘मी चुकलो’ : शोकात्म पित्याच्या प्रायश्चित्ताविषयी काही विचार

‘नटसम्राट’ हे वि. वा. शिरवाडकरांचे नाटक 1970 साली रंगभूमीवर आले आणि 2016 साली महेश मांजरेकरांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी व चित्रपटात नाना पाटेकरांनी साकारलेला गणपतराव बेलवलकर, म्हणजेच अप्पा, हा मराठी प्रेक्षकाच्या मनात दुर्दैवी पित्याचा आदर्श नमुना होऊन बसला आहे. प्रस्तुत लेखात एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे की, हा पिता केवळ दुर्दैवी आहे की दोषीही आहे. आणि दोषी असेल, तर त्याचे प्रायश्चित्त कृतीत कोठे घडते?

अप्पाचा अविचार उघड आहे. निवृत्तीनंतर तो जन्माची मिळकत मुलांना वाटून टाकतो आणि आपल्याबरोबर पत्नीलाही परस्वाधीन करतो. कावेरीला तो ‘सरकार’ म्हणून हाक मारतो. संबोधन सत्तेचे असले तरी निर्णयाचा अधिकार अखेर हाक मारणाऱ्याकडेच राहतो, ही विसंगती भाषेच्या अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये. पुढे मुलाकडून मुलीकडे, मुलीच्या घरी चोरीच्या आळापर्यंत आणि तेथून रस्त्यावर अशी जी परवड होते, तिचा अंत कावेरीच्या मृत्यूत होतो. अप्पाच्या औदार्याची पुरती किंमत मोजते ती कावेरी.

या कृतीमागे शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ उभा आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु लिअरचा अपराध दुहेरी आहे. तो राज्य वाटतो आणि त्याच वेळी निरपराध कॉर्डिलियाला हाकलून देतो. म्हणूनच त्याला क्षमा मागण्यास एक व्यक्ती उरते, आणि तिच्यापुढे नमू पाहणारा वृद्ध राजा हे त्या नाटकाचे नैतिक शिखर ठरते. ‘नटसम्राटा’त कॉर्डिलिया नाही. पित्याने दुखावलेले अपत्यच नसल्यामुळे अपराधाचे पारडे मुलांच्या बाजूने झुकते. मुलीचा संशय खोटा ठरतो, आणि पश्चात्ताप तिच्या वाट्याला येतो. चित्रपटात हा कल अधिक ठळक झाला आहे. पाटेकरांचा आवेग आणि विक्रम गोखल्यांनी उभा केलेला रामभाऊ हा नटमित्र यांनी अप्पाच्या दुःखाला फार मोठी उंची दिली. परंतु त्या उंचीवरून कावेरी लहान दिसू लागते.

याउलट राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची स्थिती पाहावी. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी विदर्भातील सावनेर येथे वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुधाकराच्या नशेत त्याचे मूल बळी जाते आणि सिंधूही मरणाच्या दारी पोचते. येथे अपराधाचे माप कोणालाही दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. तरीही तसा प्रयत्न होतो, आणि तो करते स्वतः सिंधू. पतीला वाचविण्यासाठी ती फौजदारापुढे खोटे सांगते. पातिव्रत्याच्या या पराकाष्ठेने सुधाकराचा कर्तेपणाच पुसला जावयाचा, पण तो ते स्वीकारीत नाही. विष कालवलेला शेवटचा प्याला पिऊन स्वतःला शिक्षा करतो. हे प्रायश्चित्त निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. मेलेले मूल क्षमा करू शकत नाही, आणि अपराध्याचा मृत्यू ही भरपाई नव्हे. मात्र गडकऱ्यांनी कर्ता पुसू दिला नाही, हे मान्य करावयास हवे.

येथे मराठी व्याकरणाचा आधार घेणे अप्रस्तुत होणार नाही. दोष कबूल करण्याच्या आपल्या भाषेत पायऱ्या आहेत. ‘चूक झाली’ या वाक्यात चूक करणारा कोणीच नाही. ‘माझ्या हातून चूक झाली’ येथे माणूस येतो, पण केवळ हाताच्या रूपाने. जणू हात वेगळा आणि धनी वेगळा. ‘माझे चुकले’ यात षष्ठीने संबंध जोडला, पण क्रियापद नपुंसकलिंगी व तटस्थ राहिले. ‘मी चूक केली’ हा कर्मणी प्रयोग; कर्ता उभा आहे, तथापि क्रियापद चुकीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘मी चुकलो’ या कर्तरी प्रयोगातच क्रियापद बोलणाऱ्याचे पुरुष, लिंग आणि वचन अंगावर घेते. शिवाय ‘चुकणे’ हे वाट चुकण्याचेही क्रियापद आहे. ‘चुकलो’ म्हणणारा परत फिरण्याची शक्यता त्याच शब्दात ठेवतो. व्यवहारात या पायऱ्यांची सरमिसळ होते आणि ‘माझे चुकले’ म्हणणारा मनुष्य पूर्ण प्रामाणिक असू शकतो, हे मला मान्य आहे. नियम सांगण्याचा येथे हेतू नाही. कृती आपल्या नायकाला कोणत्या पायरीवर थांबविते, हे पाहण्याचे ते एक साधन आहे.

या साधनाने पाहता सुधाकर शेवटच्या पायरीवर पोचतो आणि तेथेच कोसळतो. अप्पा मात्र बहुतांशी दैवाशी, निसर्गाशी आणि कृतघ्नतेशी बोलत राहतो. त्याच्या वाणीचे वैभव निःसंशय थोर आहे. पण ज्या एका व्यक्तीला उद्देशून प्रथमपुरुषी कर्तरी वाक्य उच्चारणे त्याला प्राप्त होते, ती वाटेतच निघून जाते. मला वाटते, ‘नटसम्राट’ची खरी शोकांतिका येथे आहे, आणि चित्रपट तिच्या अगदी जवळून, तिच्याकडे न पाहता जातो.

हा केवळ समीक्षेचा काथ्याकूट नव्हे. पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा) येथे घरच्या वडीलधाऱ्यांसमवेत मी हा चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहिला. सर्वांचे डोळे ओले झाले आणि सर्वांचा निष्कर्ष एकच निघाला : जिवंतपणी पोरांच्या नावे काही करू नये. पित्याने काय करावयास हवे होते, हा प्रश्न कोणीही काढला नाही. आमच्या वऱ्हाडीत ‘माह्या हातून झालं’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे; दारूत वा हट्टापायी घर बुडविलेल्या बापांच्या तोंडून विशेषेकरून. ऐकणारी बायको वा लेक ते वाक्य स्वीकारते आणि विषय मिटतो. मिटतो म्हणजे सुटतो असे नव्हे. प्रेक्षागृहातील अश्रूही पुष्कळदा हेच काम करतात. पित्याने मागितलेली नसतानाच ते त्याला क्षमा देऊन टाकतात.

शोकात्म कृतीने पित्याला शिक्षा द्यावी, असे माझे म्हणणे नाही. दुःख भोगणे आणि दोष ओळखणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि पहिलीने दुसरीची जागा घेतली की करुणरस उरतो, प्रायश्चित्त उरत नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ही दोन्ही नाटके व हा चित्रपट एकत्र ठेवून, कोण कोणाला उद्देशून कोणत्या प्रयोगात बोलतो याची नोंद करीत वाचावीत व पाहावीत. त्या नोंदीत कावेरीचा रकाना बराचसा रिकामा राहील. तो का रिकामा राहिला, याचे उत्तर अप्पाच्या स्वगतांत शोधण्याऐवजी तिला त्याने मारलेल्या ‘सरकार’ या हाकेपासून शोधण्यास आरंभ करावा, असे मला वाटते.